बर्फ वितळताना

हिमालयातील वसंत पाण्याच्या खळखळाटाने आपली चाहूल देतो. मनालीहून लेहकडे जाणारा मार्ग हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जातो. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेचे कामगार तो मोकळा करतात आणि मोटारसायकलस्वार तिकडे निघतात. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड टाळता येते. परंतु सुमारे ४,९०० मीटर उंचीची बारालाचा खिंड ओलांडावीच लागते.

या प्रवासात वेळेला फार महत्त्व आहे. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून ओढे फुगतात आणि रस्त्यावरून वाहू लागतात. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते. म्हणून सकाळी तेच ओढे उथळ असतात. मात्र रस्त्यावरची ओल रात्री गोठून तिचा काचेसारखा थर होतो. त्यावर एकाएकी ब्रेक दाबला, तर चाक अडकून घसरते; आणि पुढचे चाक घसरले की दुचाकी सावरणे अतिशय कठीण.

म्हणून जाणता स्वार सकाळच्या उन्हाने हा थर विरघळल्यावर निघतो व दुपारपूर्वी ओढे ओलांडतो. उशीर झालाच, तर जिस्पा येथे रात्र काढतो. अशा थांबण्याला भित्रेपणा म्हणू नये; तो निसर्गाचा अभ्यासच होय.