मामांचा ट्रक आणि हळदीची पुडी

बोट कापले की आपल्याकडे हळद दाबतात. पण मोटारीलाही हळद लागू पडते, असे १९६३ सालापूर्वी कुणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. दिवाळीची सुट्टी लागताच मंचरला मामांकडे गेलो आणि बटाट्याची पोती भरलेल्या त्यांच्या ट्रकमधून मुंबईला निघालो.

तीन मालकांकडे राबून हा ट्रक चौथ्याच्या दारी आलेला. त्याचे हप्ते फिटायचे होते. नवा सुटा भाग घ्यायचा म्हणजे मामींच्या कपाळाला आठी! म्हणून मामांनी बैठकीखाली एक पत्र्याची पेटी ठेवली होती. उघडून पाहतो तो काय? हळदीची पुडी, धुण्याच्या साबणाची वडी, सुती दोर, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, जाड पुठ्ठा आणि तार.

"मामा, हे वाण्याचं दुकान की दवाखाना?"

"दोन्ही!" मामा म्हणाले.

वडगावच्या अलीकडे रेडिएटरमधून वाफ निघू लागली. मामांनी आधी इंजिन निवू दिले. मग पाण्यात चमचाभर हळद कालवून आत ओतली. गळतीच्या वाटेने पाणी बाहेर पडू लागले की हळदीचे कण त्या भोकात अडकतात, फुगतात आणि भोक बुजते. "मूठभर टाकशील तर चांगल्या नळ्याही बुजतील," मामांनी बजावले.

कामशेतला डिझेलची टाकी सांध्यातून पाझरू लागली. मामांनी ती पुसली आणि साबण मळून चिरेत दाबला. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर आमचे गाडे पुढे चालले. मागच्या पाट्याचे एक पान तर महिन्यापूर्वीच तुटले होते. ते बाभळीचा ठोकळा घालून तारेने आवळलेले. मला या माणसाचे मोठे कौतुक वाटू लागले.

संध्याकाळी खंडाळ्यास आलो. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३०मध्ये खुला झाला. नवा द्रुतगती मार्ग पुरा झाला २००२मध्ये; त्यामुळे आमच्यापुढे होता तो जुना नागमोडी उतारच. तो सुरू होण्यापूर्वी मामांनी ब्रेक दाबून पाहिला. पायाखालची पट्टी खाली खाली गेली. मागच्या चाकाच्या रबरी नळीतून ब्रेकचे तेल गळत होते.

क्लीनर म्हणाला, "मालक, त्या चाकाची नळी ठोकून बंद करू. तीन चाकांच्या ब्रेकवर, पहिल्या गिअरात हळूहळू उतरू. पहाटेचा बाजार गाठू."

मीही त्याला दुजोरा दिला. दिवाळीपूर्वीचा तेजीचा बाजार. त्यातूनच हप्ता जायचा होता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चाकांना मोठे दगड लावले आणि बिडी पेटवली.

"अहो मामा, हळद चालते, साबण चालतो, मग हे का नाही?"

"हे बघ बाळ, हळद फसली तर गाडी उभी राहील. हे फसलं तर गाडी उभी राहायची नाही. चालवायला काहीही चालतं. थांबवायला मात्र अस्सलच लागतं. खाली लोकांची गावं आहेत."

क्लीनर दुसऱ्या ट्रकने लोणावळ्यास परत गेला. आम्ही दोघांनी कुडकुडत रात्र काढली. सकाळी नवी नळी आली. मामा चाकाशी बसून "दाब... धर... सोड" म्हणत होते आणि मी पट्टी दाबत होतो, शेवटी तेलातला हवेचा बुडबुडा निघून गेला. घाटात शिंगरोबाच्या देवळाशी मामांनी वेग कमी केला, पैसा टाकला, हात जोडले.

मुंबईस पोचलो तेव्हा भाव उतरला होता. हप्ता चुकला. मामींचे नवे लुगडेही राहिले.

पाडव्याला मामींनी जुनेच लुगडे नेसून मामांना ओवाळले. मग ताम्हन घेऊन अंगणात गेल्या, ट्रकला हळदकुंकू लावले आणि उरलेली हळद पुडीत बांधून पेटीत ठेवली. मामांना एका शब्दाने बोलल्या नाहीत.