तंत्र जाणणारा मल्ल हाणामारीत का उतरतो?

सोलापूर : शुक्रवार पेठेसारख्या शहराच्या जुन्या पेठांमध्ये कुस्तीची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणी कोणता डाव टाकला, पंचांनी गुण बरोबर दिले का, यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद रंगतात. अलीकडे त्यात मोबाइलवर दिसणाऱ्या पिंजऱ्यातील लढतींची, म्हणजेच मिश्र मार्शल आर्ट्सची (एमएमए) भर पडली आहे. कुस्तीच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र तेथे एक गोष्ट हमखास खटकते. डाव, पेच, पकड सारे अवगत असलेला लढवय्या मध्येच तंत्र गुंडाळून ठेवतो आणि गल्लीतल्या भांडणासारखे ठोसे हाणू लागतो. हा राग असतो, वेडेपणा असतो की हिशेब?

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १३ एप्रिल २०२४ रोजी लास व्हेगास येथे घडले. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. ‘यूएफसी ३००’ या स्पर्धेत हवाईचा मॅक्स होलोवे आणि अमेरिकेचाच जस्टिन गेजी समोरासमोर होते. पहिल्याच फेरीच्या अखेरीस होलोवेने गिरकी घेऊन मारलेल्या लाथेने गेजीचे नाक मोडले. पुढील फेऱ्यांतही अंतर राखून, मोजून मारा करीत होलोवेने आघाडी घेतली. पाचव्या फेरीची शेवटची दहा सेकंदे उरली असताना केवळ दूर राहिला असता तरी विजय त्याचाच होता. परंतु त्याने पिंजऱ्याच्या मध्यभागी जमिनीकडे बोट दाखविले. येथे उभे राहू आणि होऊन जाऊ दे, असा त्याचा अर्थ. दोघांनी बेभान ठोसे चालविले आणि फेरीचे एकच सेकंद शिल्लक असताना गेजी तोंडावर कोसळला.

त्या दहा सेकंदांत हिशेब नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या रात्रीची विशेष बक्षिसे प्रत्येकी तीन लाख डॉलरची होती. एरवी ती ५० हजारांची असत. होलोवेला दोन बक्षिसे मिळाली. शिवाय गेजी तोपर्यंत थकला होता, त्याच्या नाकाने श्वास नीट चालत नव्हता. थकलेल्या माणसाशी मारामारी करणे आणि ताज्या माणसाशी करणे, यांत मोठा फरक आहे.

खुद्द गेजीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तो मूळचा कुस्तीगीर. नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळताना त्याने अमेरिकी विद्यापीठीय कुस्तीतील ‘ऑल-अमेरिकन’ हा बहुमान मिळविला होता. तरीही पिंजऱ्यात तो पट काढताना क्वचितच दिसतो. मग ती कुस्ती वाया गेली का? मुळीच नाही. जोरदार ठोसा मारताना शरीराचा भार पुढे जातो, पाय रोवले जातात आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याला पट काढण्याची संधी मिळते. साधा मुष्टियोद्धा या भीतीपोटी हात आखडता घेतो. आपल्याला सहजी कोणी खाली पाडू शकणार नाही, याची खात्री असलेला मल्ल मात्र पूर्ण ताकदीने हात फिरवू शकतो. गेजीला हाणामारीची मुभा कुस्तीनेच दिली आहे.

हेच तत्त्व उलट दिशेनेही चालते. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी खबीब नूरमागोमेदोव्ह या पकडीच्या बादशहाने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत चक्क ठोशाने खाली पाडले. मॅकग्रेगरचे लक्ष पायांच्या बचावात गुंतले होते. वरून येणारा हात त्याला उशिरा दिसला.

तंत्र मागे ठेवण्याचे आणखी एक कारण आपल्या पैलवानांना चटकन उमगेल. मातीत किंवा गादीवर पट फसला तर फार तर गुण जातात किंवा पाठ लागते. पिंजऱ्यात पटासाठी डोके खाली घालताच मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत सापडू शकते. गळा आवळण्याच्या या पेचाला ‘गिलोटिन’ म्हणतात. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, कुस्तीच्या पार्श्वभूमीचा भरत खंडारे, नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे चीनच्या साँग यादोंगकडून याच पेचावर पहिल्या फेरीत पराभूत झाला. असा धोका समोर असला की कसलेला मल्लही उभ्याने ठोसे मारणे पत्करतो.

पंचांचा भागही लहान नाही. २०१७ पासून लागू झालेल्या एकत्रित नियमांनुसार कोणाच्या माऱ्याचा वा पकडीचा परिणाम अधिक झाला, हे प्रथम पाहिले जाते. आक्रमकता आणि जागेवरील ताबा यांचा विचार त्यानंतर, बरोबरी असल्यासच होतो. म्हणजे सुबक बचाव करीत फिरत राहणाऱ्यापेक्षा दोन सणसणीत ठोसे लगावणारा फेरी जिंकून जाऊ शकतो. गुणांचा हा पेच सोलापूरकरांना नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख या जिल्ह्यातील दोन मल्लांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून केवढे वादळ उठले होते! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे सिकंदरने शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले, तेव्हा पंचांना गुण मोजण्याची वेळच आली नाही. निकाल पंचांच्या हाती न ठेवण्याची ओढ मातीत, गादीवर आणि पिंजऱ्यात सारखीच असते. पिंजऱ्यात त्यासाठी कधी कधी डोके पुढे करावे लागते, इतकेच.

आणि ‘इतकेच’ हा शब्द येथे महाग पडतो. पैलवानाचे कान मोडतात, गुडघे जातात. डोक्यावरील माऱ्याची गोष्ट वेगळी आहे. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या परिणामांचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच केले होते. ही इजा प्रेक्षकाला दिसत नाही आणि लढणाऱ्यालाही बहुधा वर्षांनंतर कळते. यूएफसीत दाखल झाला तेव्हा अपराजित असलेल्या गेजीला डिसेंबर २०१७ आणि एप्रिल २०१८ मध्ये अशाच धुमश्चक्रीत लागोपाठ दोन पराभव पत्करावे लागले. मे २०२० मध्ये टोनी फर्ग्युसनविरुद्ध तो बदललेला दिसला. ठोसे तेवढेच जड, परंतु मारून बाजूला होणारा, संयमी गेजी तेथे पाचव्या फेरीत जिंकला. चार वर्षांनी होलोवेने बोट दाखविल्यावर मात्र तो पुन्हा मध्यभागी जाऊन उभा राहिला. मागे पडलेल्या माणसापुढे तेव्हा दुसरा मार्ग तरी कोणता होता?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अबू धाबी येथे इलिया टोपुरियाने लढत सुरू होताच जमिनीकडे बोट दाखवून होलोवेला त्याचेच आव्हान परत दिले. पूर्ण पाच फेऱ्या बाकी होत्या आणि समोर ताजा, जड हाताचा प्रतिस्पर्धी होता. होलोवेने नकार दिला व अंतर राखून लढणे पसंत केले. तिसऱ्या फेरीत टोपुरियाचा डावा हात त्याला लागलाच. कारकिर्दीत प्रथमच तो ठोशाने बाद झाला.