स्नोमोबाईलच्या इंजिनातील शक्तिक्षय : निदानाची तर्कपद्धती

प्रस्तावना :

कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट या गावी १९३४ च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए या तरुण यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा गंभीर आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेले होते. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे बोम्बार्डिए यांचे प्रयोग त्यापूर्वीच सुरू झाले होते. १९३७ मध्ये त्यांना आपल्या चालनयंत्रणेचे पेटंट मिळाले, आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' हे एकदोन माणसांसाठीचे हलके वाहन बाजारात आले. आज जगभर स्नोमोबाईल या नावाने ओळखले जाणारे वाहन त्याच घडणीचे आहे : पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी ट्रॅक आणि मध्ये बहुधा दोन-स्ट्रोक इंजिन.

उत्तर ध्रुवीय प्रदेशात या वाहनाने कुत्र्यांच्या व रेनडिअरच्या घसरगाड्यांची जागा घेतली. फिनलंडमधील स्कोल्ट सामी पशुपालकांच्या जीवनात त्यामुळे झालेल्या उलथापालथीचा अभ्यास पेर्टी पेल्टो यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. पेट्रोल, सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान ज्याच्यापाशी नाही, तो कळपापासून दूर पडतो, हे त्या अभ्यासातून स्पष्ट होते. भारतात सियाचीनमधील सैन्यदल, गुलमर्गचा पर्यटन व्यवसाय आणि गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहिमा यांच्या निमित्ताने हे वाहन 'स्नो स्कूटर' या नावाने परिचित आहे.

वाहन एकदम बंद पडले तर निदान त्या मानाने सोपे असते. अवघड प्रसंग येतो तो वाहन चालू राहूनही 'ओढेनासे' होते तेव्हा. उणे तीस अंश तापमानात, वस्तीपासून तीस-चाळीस किलोमीटरवर ही तक्रार उद्भवली, तर तसेच पुढे रेटावे की थांबून कारण शोधावे, हा निर्णय चालकाला तत्काळ घ्यावा लागतो. तसेच रेटल्याने काही बिघाडांत केवळ वेग कमी राहतो, तर काहींत पाच मिनिटांत दट्ट्या वितळतो. प्रस्तुत लेखात दोन-स्ट्रोक स्नोमोबाईलच्या संदर्भात या निदानाचा क्रम व त्यामागील कारणमीमांसा मांडली आहे.

शक्ती निर्माण होत नाही की पोहोचत नाही?

पहिला प्रश्न इंजिनाविषयी नसून इंजिन आणि ट्रॅक यांच्यामधील यंत्रणेविषयी विचारला पाहिजे. स्नोमोबाईलला गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनाच्या दंडावर एक आणि मागे दुसरी अशा दोन कप्प्या असून त्यांच्यामधून रबरी पट्टा फिरतो. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या कप्पीतील वजने बाहेर फेकली जातात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या कप्पीच्या तबकड्या दूर होऊन पट्टा तेथे खाली उतरतो. पुण्याच्या किनेटिक समूहाने होंडाच्या सहकार्याने १९८० च्या दशकात आणलेली बिनागिअरची स्कूटर ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. तिचे इंजिनही दोन-स्ट्रोकच होते.

या यंत्रणेचे मर्म असे की, थ्रॉटल पूर्ण उघडला असता इंजिनाचे फेरे त्याची कमाल शक्ती जेथे मिळते तेथेच स्थिर राहावेत, अशा बेताने वजने व स्प्रिंगा निवडलेल्या असतात. ही संख्या, समजा मिनिटाला आठ हजार, त्या वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्यामुळे सपाट, घट्ट बर्फावर थ्रॉटल पूर्ण उघडून टॅकोमीटर वाचणे ही निदानाची पहिली पायरी ठरते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

फेरे नेहमीइतके किंवा त्याहून अधिक दिसत असूनही वेग येत नसेल, तर इंजिन आपले काम करीत आहे आणि शक्ती वाटेत हरवते आहे. पट्टा घसरतो, जळक्या रबराचा वास येतो, कप्पीचे आवरण उघडल्यावर काळी भुकटी सापडते. नव्या पट्ट्यापेक्षा रुंदी साधारण तीन मिलिमीटरने घटली असेल, तर पट्टा बदलणे योग्य. फेरे नेहमीपेक्षा कमी भरत असतील तर मात्र दोन शक्यता उरतात : इंजिन दुबळे झाले आहे, अथवा त्याच्यावरील भार वाढला आहे. भार वाढण्याची कारणे बहुधा किरकोळ असतात. ट्रॅकच्या आत गोठलेला बर्फ, सुटत न जाणारा ब्रेक, प्रमाणाबाहेर ताणलेला ट्रॅक, आतील चाकांचे खराब झालेले बेअरिंग. इंजिन बंद करून, पट्टा काढून, वाहनाचा मागचा भाग उचलून ट्रॅक हाताने फिरवून पाहिला की याचा उलगडा होतो. ही तपासणी न करता कार्ब्युरेटर उघडणाऱ्यांची संख्या कमी नाही.

हवा, उंची आणि विरळ मिश्रण :

दोष इंजिनातच आहे असे ठरल्यावरही तो खरोखर दोष आहे का, हे पाहावे लागते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची शक्ती अंदाजे तीन टक्क्यांनी घटते. सुमारे २६५० मीटर उंचीवरील गुलमर्गमध्ये हा घाटा जवळजवळ एक चतुर्थांश होतो. ५५०० मीटरच्या आसपास हवेचा दाबच निम्म्यावर येतो, तेथे कोणतेही निर्दोष इंजिन सपाटीवरच्यासारखे ओढणार नाही.

थंडीचा परिणाम याच्या उलट असतो, आणि अधिक घातक. शून्य अंशावरून तापमान उणे चाळीसपर्यंत उतरले तर त्याच दाबाखाली हवेची घनता सुमारे सतरा टक्क्यांनी वाढते. प्रत्येक फेऱ्यात हवा अधिक जाते; पण कार्ब्युरेटरचे जेट तेच राहिल्याने पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण विरळ होते, म्हणजेच हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. डिसेंबरच्या सौम्य दिवसात सुरेख चालणारे वाहन जानेवारीच्या कडाक्यात दट्ट्या जाळते, ते यामुळेच. उंचीवर लहान जेट बसवलेले वाहन न बदलता दरीत उतरवले तरी तोच अनर्थ घडतो. अलीकडच्या इंधन-प्रक्षेपण प्रणालीत तापमान व दाब मोजून ही दुरुस्ती आपोआप होते, परंतु कार्ब्युरेटरची जुनी वाहने अद्याप मोठ्या संख्येने वापरात आहेत.

विरळ मिश्रणाचे फसवेपण असे की, सुरुवातीला इंजिन नेहमीपेक्षा अधिक तरतरीत वाटते. कमाल शक्तीचा बिंदू विरळतेच्या कडेवरच असतो. ती कड ओलांडली की दट्ट्याचा माथा तापतो, फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घासू लागतो आणि चालकाला प्रथमच 'ओढ' कमी झाल्याचे जाणवते. तोवर ॲल्युमिनियमचे कण भिंतीला चिकटू लागलेले असतात. जुन्या यंत्रांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने पेट्रोल कमी पोहोचले की वंगणही कमी पोहोचते. म्हणून पूर्ण वेगात अचानक ओढ गेली, तर थ्रॉटल आणखी दाबण्याऐवजी तत्क्षणी सोडणे श्रेयस्कर.

जागेवरच करता येण्याजोगी एक परीक्षा येथे उपयुक्त ठरते. मध्यम वेगात चालताना चोक किंचित ओढावा. पेट्रोल वाढल्याने इंजिन सुधारले, तर मिश्रण विरळ होते; अधिकच गुदमरले, तर ते आधीच दाट होते. स्पार्क प्लगचा रंगही हेच सांगतो : फिकट तपकिरी असल्यास ठीक, पांढराफटक असल्यास विरळ, काळा व ओला असल्यास दाट. मात्र थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इंजिन एकदम बंद करून लगेच प्लग काढला तरच तो रंग त्या स्थितीचा असतो. संथ चालवत घरी आणलेल्या वाहनाचा प्लग फक्त संथ चालीची हकीकत सांगतो.

इंधन, ठिणगी आणि धूर :

मिश्रण विरळ होण्याला जेटखेरीज इतरही कारणे असतात. टाकीच्या हवानळीत बर्फ गोठला तर टाकीत निर्वात तयार होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन भुकेने मरू लागते. झाकण सैल करताच ते सावरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी शिरले असेल, तर कडाक्याच्या थंडीत पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधन खेचणारी नळी नेमकी तळाशीच असते. अनेक वाहनांत इंधनपंप क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांवर चालतो. ती स्पंदने नेणारी बारीक रबरी नळी थंडीने तडकली तर संथ चालीत काही कळत नाही, मात्र वेग वाढवताच पेट्रोल अपुरे पडते.

ठिणगीचा दोष पुष्कळदा उष्णतेशी निगडित असतो. गार इंजिन नीट चालते, तापल्यावर चुकू लागते आणि निवल्यावर पुन्हा सुरळीत होते, अशी तक्रार असल्यास स्टेटरच्या वेटोळ्यांचा रोध गार व गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजावा.

निकासमार्गात हलणारी झडप असलेल्या इंजिनांचा शक्तिक्षय तर आपली ओळख स्वतःच देतो. तेलाच्या काजळीने ती झडप बंद अवस्थेत अडकली, तर खालच्या फेऱ्यांत इंजिन उत्तम ओढते आणि वरच्या फेऱ्यांत एका मर्यादेवर अडून बसते. उघड्या अवस्थेत अडकली, तर सुरुवातीची ओढ जाते आणि वरची राहते. दोन-स्ट्रोक स्कूटरच्या सायलेन्सरमधील काजळी जाळून काढण्याचा उद्योग एके काळी गावोगावच्या गॅरेजमध्ये चाले. येथे झडप बाहेर काढून स्वच्छ करणे पुरेसे असते, शिवाय तिच्या पडद्याला चीर नाही ना, हेही पाहावे.

संपीडन आणि गळती :

दाबमापक लावून संपीडन मोजणे ही बहुतेकांची पहिली चाचणी असते, परंतु तिचे स्थान येथे आहे. इंजिन कोमट असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, ठिणगीच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडलेल्या असाव्यात आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. थ्रॉटल बंद ठेवल्यास सिलिंडरमध्ये पुरेशी हवा शिरत नाही, आकडा कमी येतो आणि धडधाकट इंजिन उगाच खोलले जाते. अनेक इंजिनांत चौरस इंचाला १२० पौंडांच्या आसपास दाब आढळतो, पण उंचीवर तो घटतो. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधील फरकाला अधिक महत्त्व आहे. तो दहा टक्क्यांहून जास्त असल्यास कमी दाबाच्या बाजूला दट्ट्या, कडी किंवा भिंत यांपैकी काहीतरी गेले आहे, असे समजावे.

येथे कारागिराची खरी कसोटी लागते. घासलेला दट्ट्या दिसतो, नवा बसवला जातो, वाहन ग्राहकाच्या ताब्यात जाते. पण जळालेला दट्ट्या हा परिणाम आहे, कारण नव्हे. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच हवा खेचणारा पंप असतो. दंडाच्या टोकाची रबरी सील झिजली की तेथून बिनपेट्रोलची हवा आत शिरते, आणि केवळ त्या बाजूच्या सिलिंडरचे मिश्रण विरळ होते. थ्रॉटल सोडल्यावरही फेरे लवकर न उतरणे ही त्याची खूण. खात्री करण्यासाठी शोषणाची व निकासाची तोंडे बंद करून इंजिनात चौरस इंचाला सहा पौंडांच्या आसपास हवा भरतात आणि दाबमापकाकडे पाहत बसतात. मिनिटाला एका पौंडाहून अधिक घट झाली, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा कोठे येतो ते शोधावे. या चाचणीला अर्धा तास लागतो. ती टाळली, तर नवा दट्ट्या पुढच्याच फेरीत त्याच बाजूला घासतो, आणि तोवर वाहन पुन्हा वस्तीपासून तीस किलोमीटरवर पोहोचलेले असते.