प्लॅटनखालची प्लेट

साडेआठ. भोसरीतला रबर मोल्डिंगचा कारखाना. 100 टनी प्रेसचं खालचं प्लॅटन 160 अंशांवर चालतं आणि त्याखालच्या सिलिंडरचं सील तापून कडक होतं, गळतं. मधली, उष्णता अडवायला घातलेली टेफ्लॉनची प्लेट काढून ठेवलीय. व्हर्नियर लावला: कडेला 12 मिमी, दाबाच्या जागी साडेदहा.

"मॅडम, विकणारा म्हणाला 260 अंशांपर्यंत चालतं," शेठ म्हणाले.

चालतं की. अंगावर भार नसला तर. दाबाखाली टेफ्लॉन थंड असतानासुद्धा हळूहळू पसरतं. इथे तर चौरस सेंटिमीटरला साठेक किलो बसतात.

दहा. ऑफिसात डेटाशीट. नायलॉन, डेलरिन, टेफ्लॉन, पीक, कोणतंही प्लास्टिक घ्या, उष्णतावाहकता 0.25 ते 0.3 च्या आसपासच, लोखंडाची 45-50. म्हणजे उष्णता कोण अडवतं यावरून निवड होतच नाही, ते काम जाडीचं. निवड ठरते तापल्यावर कोण उभं राहतं यावर. आणि ताकदीचा ठळक आकडा छापलेला असतो 23 अंशांचा! एवढा गारवा आमच्या शेडमध्ये जानेवारीत पहाटे असतो.

डेलरिन 175 ला वितळतं, बाद. नायलॉन पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं, गरम झालं की मऊ पडतं. पीक 143 नंतर बरंच नरमतं, तरी हा भार पेलेल. पण त्याचा भाव ऐकून शेठ चहासुद्धा पाजणार नाहीत.

बारा. ग्लास-इपॉक्सी लॅमिनेट ठरलं. साधी जात 130-140 पुढे ढिली पडते, म्हणून एच वर्गाची, 180 अंशांची. 400 बाय 400 च्या प्लेटमधून 12 मिमी जाडीला साधारण 440 वॅट खाली झिरपतात, 20 मिमीला 265. वीस घेतली.

दोन. शीट स्टॉकला होती, लगेच मिलिंगवर चढवली. एचएसएसच्या कटरची धार लॅमिनेटमधली काच बघता बघता खाते, कार्बाइडच लागतं. मास्क आणि व्हॅक्यूम लावूनही बारीक भुकटी मनगटावर बसतेच, आणि घामात ती अशी चावते की खाजवायचीही सोय नाही.

चार. ड्रॉइंगवर चार एम-16 बोल्ट, लोखंडी, प्लेटमधून आरपार. एवढं अडवायचं आणि उष्णतेला चार दारं उघडी ठेवायची? स्टेनलेसचे केले, वाहकता तिसऱ्या हिश्शावर आली. डोक्याखाली त्याच लॅमिनेटचे वॉशर, भोकात स्लीव्ह.

शेठचा फोन: "वॉशर कशाला? दाब तर प्लेटच घेते ना?"

"दाब प्लेट घेते. बोल्टमधून तुमची वीज जाते."


वॉशर मंजूर झाले.