सुईच्या आधींची गोळी

रात्रीं अकराचा सुमार. मुलें निजलीं आहेत, दिवे मालवले आहेत, आणि घरांतील कर्ता पुरुष मात्र गालाला हात लावून येरझारा घालीत आहे. आडवें झालें कीं दाढ ठणकते, उठून बसलें कीं अंमळ बरें वाटतें. गार पाण्याची गुळणी तोंडांत धरली तर घटकाभर आराम, आणि पुन्हां तोच ठणका. अशी एखादी रात्र श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं काढली असेल. सकाळ होते आणि हे गृहस्थ दंतवैद्यांकडे जातात. दंतवैद्य खालच्या जबड्याच्या मागील बाजूस सुई देतात. थोड्या वेळानें ओठ जड होतो, अर्धी जीभ बधिर होते. “आतां कांहीं कळणार नाहीं,” असें आश्वासन मिळतें. आणि यंत्राचें टोंक दाढेंत जरा खोल उतरतें न उतरतें तोंच गृहस्थ खुर्चींतून उसळतात! ओठ झोपला, पण दाढ जागीच राहिली.

अशा वेळीं वैद्याला वाटतें, रोगी भित्रा आहे. रोग्याला वाटतें, वैद्याचा हात चुकला. एकदां हा अविश्वास मनांत शिरला म्हणजे पुष्कळ माणसें जी दाढ वांचली असती ती उपटून टाकावयास सांगतात, किंवा वर्षानुवर्षें दवाखान्याची पायरी चढत नाहींत. म्हणून आज मला सांगावयाचें आहे तें हें कीं, अशा प्रसंगीं पुष्कळदां दोघेहि निर्दोष असतात. दोष असतो तो सुजलेल्या मज्जेचा. आणि तिला सुई देण्यापूर्वींच थोडें शांत करावें, यासाठीं एका साध्या गोळीचा उपयोग होतो कीं काय, हा आजचा विषय आहे.

प्रथम दांताची रचना पाहूं. बाहेर इनॅमलचें कठीण कवच, त्याच्या आंत डेंटीनचा थर, आणि अगदीं मध्यभागीं एका इवल्याशा पोकळींत दंतमज्जा. या मज्जेंत बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. कीड खोल गेली कीं जंतु व त्यांचीं विषें मज्जेपर्यंत पोंचतात आणि तेथें दाह सुरू होतो. हाताला गळूं झालें तर कातडी ताणून सुजेला वाव मिळतो. दंतमज्जेला ती सोय नाहीं. ती चहूं बाजूंनीं भिंतींनीं कोंडलेली. सूज आली कीं आंतला दाब वाढतो, आणि तंतु अहोरात्र ओरडूं लागतात. दाह एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे मज्जा पुन्हां निरोगी होत नाहीं. मग ती काढून आंतील पोकळी स्वच्छ करून भरणें, ज्याला रूट कॅनाल म्हणतात तें, किंवा दांत काढणें, एवढेच मार्ग उरतात.

या दोन्ही कामांसाठीं दांत बधिर करावा लागतो. १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला, आणि लवकरच त्या औषधाची सुई जबड्यांत देण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढें कोकेनचे दोष टाळणारीं औषधें निघालीं. त्यांतील लिडोकेन हें स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें. आजहि जगभर दंतवैद्यांच्या हातीं तें नेहमीं असतें. वरच्या जबड्याचें हाड सच्छिद्र असल्यामुळें औषध दांताशेजारीं टोंचलें तरी मुळापर्यंत झिरपतें. खालच्या दाढांभोंवतीं हाडाची जाड भिंत असते. म्हणून तेथें दाढेपासून दूर, जबड्याच्या मागच्या भागांत, मुख्य मज्जातंतु हाडांत शिरतो त्या ठिकाणींच त्याला अडवावें लागतें. निरोगी दाढेच्या बाबतींत ही युक्ति पुष्कळदां साधते. मज्जेचा तीव्र दाह झालेल्या खालच्या दाढेंत मात्र ती वारंवार फसते. कांहीं प्रयोगांत तर केवळ या एका सुईनें निम्म्याहून कमी रोग्यांचें काम विनावेदना झालें.

असें कां व्हावें? एक जुनें उत्तर असें कीं, दाह झालेल्या जागीं आम्लता वाढते आणि आम्लांत औषधाला तंतूच्या आवरणांतून आंत शिरणें अवघड जातें. हें खरें आहे, पण पुरेसें नाहीं. कारण सुई दिली जाते ती दाढेपासून दूर, निरोगी जागीं. तेथें आम्लता कोठून येणार? तेव्हां उत्तर तंतूंतच शोधलें पाहिजे.

वेदनेचा निरोप तंतूंतून जातो तो विजेसारखा. तंतूच्या आवरणांत असंख्य सूक्ष्म दारें असतात. त्यांतून सोडियमचे कण आंत घुसले कीं निरोप पुढें सरकतो. लिडोकेन हीं दारें बंद करतें आणि निरोप वाटेंतच अडतो. परंतु दाह झालेल्या मज्जेच्या तंतूंत एका निराळ्या जातीचीं दारें अधिक संख्येनें आढळतात. उंदरांच्या मज्जापेशींवरील प्रयोगांत हीं दारें लिडोकेनपुढें सुमारें चौपट चिवट ठरलीं. शिवाय दाहांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, आणि तीं या दारांच्या बिजागऱ्यांना जणूं तेल घालतात. थोड्याशा धक्क्यानेंहि दारें उघडूं लागतात. एरवीं जो स्पर्श जाणवलाहि नसता, तो आतां किंकाळी बनून मेंदूपर्यंत पोंचतो.

येथेंच गोळीची कल्पना पुढें येते. अॅस्पिरिनसारखीं औषधें शरीरांत प्रोस्टाग्लँडिन बनूं देत नाहींत, हें ब्रिटनमध्यें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. आयब्युप्रोफेन हें त्याच कुळांतलें. मग सुईच्या तासभर आधीं ही गोळी पोटांत गेली तर प्रोस्टाग्लँडिनची निपज मंदावेल, तंतूंचा प्रक्षोभ ओसरेल आणि नेहमींचें लिडोकेन आपलें काम करूं शकेल, असा तर्क निघतो. गोळी दाढ बधिर करीत नाहीं. ती फक्त सुईचा मार्ग सुकर करते.

तर्क सुंदर आहे. पण वैद्यकांत तर्काला प्रयोगाची साक्ष लागते. २०१० सालीं इराणांत झालेल्या एका प्रयोगांत दीडशें रोग्यांना सुईच्या तासभर आधीं कोणाला ६०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, कोणाला इंडोमेथासिन, तर कोणाला औषध नसलेली नुसती गोळी दिली. वेदना मुळींच नाहीं किंवा अगदीं सौम्य, याला यश मानलें. नुसत्या गोळीनें ३२, इंडोमेथासिननें ६२ आणि आयब्युप्रोफेननें ७८ टक्के यश मिळालें. वाचणाऱ्याला वाटेल, प्रश्न सुटला. परंतु त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका प्रयोगांत ८०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन पाऊण तास आधीं देऊनहि यश ४१ टक्के, आणि नुसत्या गोळीचें ३५. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाहीं.

मग खरें कोणाचें? अशा वेळीं एकेका प्रयोगाला न भुलतां सर्व एकत्र तोलावे लागतात. तसा एक आढावा अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सुईच्या तासभर आधीं दिलेल्या अशा गोळ्यांचा, विशेषतः ६०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनचा, उपयोग होतो याला मध्यम प्रतीचा पुरावा आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘मध्यम’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. गोळीनें यशाचा संभव वाढतो, खात्री मिळत नाहीं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचाहि कांहीं प्रयोगांत चांगला परिणाम दिसला आहे. याउलट नुसतें मन शांत करणारें, झोंप आणणारें औषध देऊन पाहिलें तेव्हां दाढेचें बधिरपण वाढलें नाहीं. ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण “तुम्ही घाबरतां म्हणून दुखतें” या आरोपाला ती परस्पर उत्तर देते. भीतीनें वेदना वाढते हें खरें. पण भीति काढली म्हणजे वेदना संपली, असें नव्हे.

गोळी देऊनहि दुखलें तर? तर दांताशेजारीं दुसरी सुई, दांत व हाड यांमधील सांध्यांत सुई, किंवा हाडांतच औषध सोडणें असे उपाय दंतवैद्यांपाशीं असतात. म्हणून दुखतांच हात वर करावा. निमूटपणें सोसण्यांत शौर्य नाहीं आणि सांगण्यांत लाज नाहीं.

आतां एक इशारा. हें भाषण ऐकून कोणी कपाटांतून गोळ्या काढूं नयेत. आपल्याकडे दुकानांत मिळणारी नेहमींची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. तेव्हां दीड घ्यावी, असा हिशेब घरीं करणें धोक्याचें आहे. पोटांत व्रण असलेले, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रोगी, रक्त पातळ करणारीं औषधें घेणारे, अॅस्पिरिननें ज्यांना दमा उसळतो असे, आणि गरोदर स्त्रिया यांना ही गोळी अपाय करूं शकते. पावसाळ्यांत ताप अंगांत असेल आणि तो डेंगीचा असण्याचा संशय असेल, तर ती मुळींच घेऊं नये. रक्तस्रावाचें भय असतें. आदल्या रात्रीं ठणका थांबविण्यासाठीं जी काय गोळी घेतली असेल, तिचें नांव, प्रमाण व वेळ दंतवैद्यांना आठवणीनें सांगावी, म्हणजे तेंच औषध दुपटीनें पोटांत जाणार नाहीं. अॅस्पिरिनची गोळी हिरडीशीं दाबून ठेवण्याची संवयहि सोडावी. तिनें दाढ राहते बाजूला आणि कातडें मात्र भाजून निघतें. जंतुनाशक गोळ्यांनीं हा ठणका थांबत नाहीं, हेंहि जातां जातां सांगतों.

दंतवैद्यांकडे वेळ ठरवितांना एवढाच प्रश्न विचारावा: “दाढ फार ठणकते आहे, येण्यापूर्वीं मीं कांहीं घेणें योग्य होईल काय?” आपली प्रकृति व चालू औषधें त्यांना सांगावीं आणि निर्णय त्यांच्यावर सोंपवावा. आणि दंतवैद्यबंधूंना विनंति अशी कीं, खुर्चींतल्या माणसानें “दुखतें” म्हटलें तर तें खरें मानावें. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली, असें नाहीं. त्या दोहोंमधील अंतर शास्त्रानें आतां कांहींसें उलगडलें आहे. तें ओलांडावयास एक गोळी थोडी मदत करते, उरलेली मदत एकमेकांवरील विश्वासानेंच व्हावयाची.