बेळगाव-निपाणीच्या दुकानांत कर्मचारी का टिकत नाहीत?

लग्नाच्या खरेदीसाठी चोर्ला घाटमार्गे बेळगाव गाठणे गोव्यातील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. खडेबाजार किंवा गणपत गल्लीत एका ग्राहकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलणारा विक्रेता हा या बाजारपेठेचा आधार आहे. मात्र पुढील हंगामात तो त्याच दुकानात भेटेल, याची शाश्वती नसते. किरकोळ विक्री व्यवसायात नोकऱ्या सोडण्याचे प्रमाण जगभर अधिक असते. सीमाभागात त्याला स्थानिक कारणांचीही जोड मिळते.

पगारापलीकडची कारणे

अपुरे वेतन हे पहिले कारण, पण एकमेव नव्हे. दिवसभर उभे राहणे, सणासुदीत लांबणारे तास आणि ऐनवेळी रद्द होणारी सुट्टी यांनी माणूस थकतो. छोट्या दुकानात मालक आणि विक्रेता यांच्यामध्ये बढतीची पायरीच नसते. नवख्याच्या आणि अनुभवी माणसाच्या पगारात फारसे अंतर राहिले नाही, तर थांबण्याचे प्रयोजन उरत नाही.

शिवाय पर्याय हाकेच्या अंतरावर असतात. बेळगावात उद्यमबागेतील कारखाने आहेत, तर निपाणीहून कागलची औद्योगिक वसाहत आणि कोल्हापूर महामार्गाने जवळ. तीन भाषा जाणणारा विक्रेता लगेच घडवता येत नाही. म्हणून मोठी दालनेही त्याला हेरतात.

सोडताना काय हरवते?

नोकरी बदलण्यात गैर काही नाही. पण तिचा हिशेब कर्मचाऱ्याला ठाऊक असावा. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी कायम राहतो. ही योजना केंद्राची असल्याने निपाणीचा कर्मचारी कोल्हापुरात गेला, तरी जमा रक्कम नव्या खात्यात वळवता येते. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मात्र अशी सोबत येत नाही. त्यासाठी सर्वसाधारणपणे एकाच मालकाकडे सलग ५ वर्षे सेवा लागते. समजा, अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत. तर दरवर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे ५ वर्षांचे उपदान ३७,५०० रुपये होते. दर ३ वर्षांनी दुकान बदलणाऱ्या नियमित कर्मचाऱ्याची १२ वर्षे भरली, तरी त्याच्या हाती यातले काहीच पडत नाही.

यातही दुकानाचा आकार निर्णायक ठरतो. उपदान व राज्य विमा योजनेसाठी साधारणतः १०, तर भविष्य निर्वाह निधीसाठी २० कर्मचाऱ्यांची अट असते. गल्लीतील अनेक लहान दुकाने या कक्षेबाहेर राहतात. साहजिकच तेथील माणसाला मोठ्या दालनाची ओढ वाटते.

मालकाच्या हाती काय?

कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली, साप्ताहिक सुट्टीही दिली. एवढे काटेकोर पाळणे, नेमणूकपत्र देणे, बसायला स्टूल ठेवणे आणि अनुभवानुसार दरवर्षी वाढ देणे लहान दुकानदारालाही अशक्य नाही. जुना विक्रेता गेला की त्याच्याबरोबर ओळखीचे ग्राहकही जातात. नव्याला कापडाचा पोत, दर आणि गिऱ्हाइकाची आवड शिकवण्यात हंगाम सरतो. वार्षिक वाढ नाकारताना हा खर्च हिशेबात धरला जात नाही. गोव्यातील दुकानदारांनाही हेच गणित लागू पडते.