रात्र नसलेला आल्बम

वाईला माझ्या आत्याकडे काळ्या जाड पानांचा एक आल्बम आहे. फोटोंचे कोपरे कागदी त्रिकोणांत अडकवलेले, दोन पानांमध्ये जाळीचा पातळ कागद. आतोबांनी १९६०च्या दशकात आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला आणि पुढची वीसेक वर्षं सणावाराला एक-एक रोल संपवला. या आल्बमातला भाऊबीजेचा एक फोटो मला लहानपणापासून पाठ आहे. आत्या माझ्या वडिलांना ओवाळते आहे. तबकात निरांजन आहे, पण ज्योत दिसत नाही. मागच्या भिंतीवर लख्ख ऊन आहे आणि दोघांच्या सावल्या पायांशी गोळा झाल्या आहेत. खरी ओवाळणी आदल्या संध्याकाळी झाली होती. फोटोसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पाट मांडून ती पुन्हा केली गेली.

दोन वर्षांपूर्वी हा आल्बम चाळताना आत्या म्हणाली, "परक्या माणसाला वाटेल, यांची दिवाळी भर दुपारीच असायची."

मग मी नात्यातल्या, शेजारच्या घरांतले त्या काळातले आल्बम मागून पाहिले. सगळीकडे तेच. पणत्या आहेत पण पेटलेल्या वाटत नाहीत, आकाशकंदील आहे पण तो नुसता कागदाचा. रात्रीचे फोटो फक्त लग्नांचे, तेही फ्लॅशचे, म्हणजे समोरचे चेहरे चुन्यासारखे पांढरे आणि मागे काळोख. आतोबांना रात्रीचा फोटो काढायचा नव्हता, की काढता येत नव्हता? उत्तर शोधण्यासाठी मी पुस्तकं वाचलीच, पण खरं उत्तर तसाच चौकोनी निगेटिव्ह देणाऱ्या कॅमेऱ्याशी दोन दिवाळ्या झटून मिळालं.

तो रोल म्हणजे १२० नंबरचा. कोडॅकने तो १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि आजही तो मिळतो. सुमारे सहा सेंटिमीटर रुंद फिल्म आणि तिच्या पाठीला काळा कागद, ज्यावर फोटोंचे आकडे छापलेले असतात. क्लिक थ्रीच्या पाठीवरच्या लाल काचेच्या खिडकीतून हे आकडे बघत रोल पुढे सरकवायचा. रोलमध्ये बारा फोटो. निगेटिव्हचा चौकोन प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरचा, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या जवळपास साडेतीन पट क्षेत्रफळाचा. म्हणूनच आतोबांचे फोटो मोठे न करता, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेले असूनही त्यांत काकवीच्या बरणीवरची चिठ्ठीसुद्धा वाचता येते. लग्नाचे फोटोग्राफर वर्षानुवर्षं गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा अडकवून फिरले ते याच मोठ्या चौकोनासाठी. होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलाइफ्लेक्स असे. माझ्याकडे आहे तो त्याच घाटाचा जपानी याशिका मॅट १२४ जी, वापरलेलाच घेतलेला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. पोटाशी धरून मान खाली घालून पाहिलं की दुधी काचेवर चित्र दिसतं, पण डावं-उजवं उलटं. पहिले काही दिवस माणूस डावीकडे गेला की मी कॅमेरा उजवीकडे नेत असे.

दिवसा या कॅमेऱ्याला प्रकाशमापकही लागत नाही. जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात भिंगाचं छिद्र एफ १६ वर ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका घ्या. चारशेची फिल्म असेल तर साधारण एक पाचशेअंश सेकंद. ढग आले की छिद्र एक घर उघडा, सावलीत तीन घरं. छिद्र एक घर उघडलं की प्रकाश दुप्पट होतो, आणि मग वेळ निम्मी करता येते. या देवाणघेवाणीचा नियम बुन्सेन आणि रॉस्को या शास्त्रज्ञांनी १८६२ साली मांडला होता: परिणाम ठरतो तो प्रकाश गुणिले वेळ यावर. थोडा प्रकाश जास्त वेळ द्या किंवा जास्त प्रकाश थोडा वेळ, बेरीज सारखीच.

आता हाच हिशोब आतोबांच्या कॅमेऱ्याला रात्री लावून पाहू. दुपारचं ऊन आणि पाच-सहा पणत्यांचा उजेड यांत साधारण चौदा घरांचं अंतर असतं. चौदा वेळा दुप्पट म्हणजे १६ हजार पटींहून जास्त. दुपारी एक तीसांश सेकंदात निघणाऱ्या फोटोला त्याच छिद्राने पणत्यांसमोर नऊ मिनिटं लागतील. साध्या डबा-कॅमेऱ्याला उन्हापुरतंच शिकवलेलं असे. नऊ मिनिटं ओवाळत उभं कोण राहणार? इथवर प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं.

पण सुटला नव्हता, कारण अंधारात तो नियमच खरा राहत नाही. कार्ल श्वार्त्सशिल्ड (पुढे कृष्णविवरांच्या गणितामुळे ज्याचं नाव अजरामर झालं तोच) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या एका वेधशाळेत ताऱ्यांचे फोटो घेऊन त्यांची तेजस्विता मोजत होता. त्याला आढळलं, की मंद ताऱ्याला हिशोबाने जितका जास्त वेळ द्यावा तितका तो काचेवर उमटत नाही. वेळ वाया जातो. मंद उजेडात फिल्म हिशोबाला कमी पडते.

का, हे कळायला १९३८ साल उजाडावं लागलं. गर्नी आणि मॉट यांनी फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या स्फटिकात काय घडतं त्याचा उलगडा मांडला. प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्यामुळे चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू टिकाऊ नसतो. थोड्याच वेळात तो पुन्हा विरघळून जातो. त्याला सोबती मिळाले, तीन-चार अणूंचा पुंजका जमला, तरच तो टिकतो आणि पुढे डेव्हलपरमध्ये तो सबंध स्फटिक काळा होतो. उन्हात कण इतके दाटीने येतात, की पुंजका क्षणात जमतो. पणतीच्या उजेडात मात्र दुसरा कण येईपर्यंत पहिला अणू निघून गेलेला असतो. भिशीत पहिल्याने पैसे भरले आणि बाकीचे येईपर्यंत त्याने ते उचलून नेले, असं काहीसं.

मी वापरतो त्या इल्फर्डच्या एचपी फाइव्ह प्लस फिल्मसाठी उत्पादकाने एक सूत्र दिलं आहे: मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्या. मापक ८ सेकंद म्हणाला तर १५ द्यायचे, ३० म्हणाला तर जवळपास दीड मिनिट, एक मिनिट म्हणाला तर साडेतीन मिनिटं. कोडॅकच्या ट्राय-एक्सचं कोष्टक आणखी उदार आहे: १० सेकंदांचे ५०, आणि १०० सेकंदांचे थेट २० मिनिटं. आतोबांच्या नऊ मिनिटांना आजच्या फिल्मचं सूत्र लावलं तर तासाहून जास्त होतात. त्यात दिव्याचा उजेड तांबूस-पिवळा, आणि जुन्या अनेक फिल्म लाल रंगाला आंधळ्याच असत. कोडॅकची लोकप्रिय व्हेरिक्रोमसुद्धा १९५६मध्ये सगळे रंग ओळखणारी झाली. थोडक्यात, आतोबांचा काहीच दोष नव्हता.

तरीही रात्रीचे फोटो काढणारे होतेच. मूळचा हंगेरियन असलेला ब्रासाई १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या रस्त्यांवर तिपाई आणि छोटा काचपट्ट्यांचा कॅमेरा घेऊन रात्रभर हिंडे. शटर उघडं ठेवून तो सिगारेट पेटवायचा. एका जातीची सिगारेट संपेपर्यंतचा वेळ एका उजेडाला, जास्त काळोखाला जास्त वेळ जळणारी दुसरी. त्याचं रात्रीच्या पॅरिसचं पुस्तक आजही या विषयातलं पहिलं पुस्तक म्हणून हातात द्यावं असं आहे. दिवा चौकटीत येत असेल तर तो स्वतः झाडाआड किंवा खांबाआड उभा राहून दिवा झाकला जाईल अशी जागा शोधी. ही युक्ती मला मात्र वापरता येणार नव्हती. मला दिवाच हवा होता.

पहिल्या दिवाळीला मी हे सूत्र न वाचताच गेलो. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर पणत्या, शेजारी पाटावर आत्या. एफ ८ ला मापकाने ८ सेकंद सांगितले, मी ८ दिले. बाराच्या बारा फोटो त्याच हिशोबाने. रोल धुतल्यावर हाती आली ती जवळजवळ कोरी फिल्म, आणि तिच्यावर काळे ठिपके, म्हणजे ज्योती. आत्या कुठेच नव्हती. ते तिला सांगताना मी फिल्मच खराब होती असं म्हणालो. ती काही बोलली नाही. त्यावेळी ती ८३ वर्षांची होती, आणि "पुढच्या वर्षी काढू" हे वाक्य त्या वयाच्या माणसासमोर उच्चारणं जड जातं.

गेल्या वर्षी तयारीने गेलो. रात्री दुधी काचेवर काहीच दिसत नाही, म्हणून फोकस आत्याच्या चेहऱ्यावर न करता चेहऱ्याच्या जवळ धरलेल्या पणतीच्या ज्योतीवर केला आणि पणती परत ठेवायला सांगितली. शटर बी वर, बटणाला वायर. या कॅमेऱ्यात उडी मारणारा आरसा नसल्याने हादरा बसत नाही. पंधरा सेकंद मी मोठ्याने मोजत होतो. आत्याने पाठ वृंदावनाच्या कट्ट्याला टेकवली होती. तशी सूचना मीच दिली होती, कारण टेकल्याशिवाय माणूस पंधरा सेकंद स्थिर राहत नाही.

"श्वास घ्यायचा की नाही?" तिने विचारलं.

"घे, पण हळू. बोलू नकोस."

"मग विचारलंस कशाला?" मी विचारलंच नव्हतं. तो फोटो वाया गेला.

सहाव्या फोटोत वारा आला. आठव्यात तिने सवयीने वात सारायला हात पुढे केला. त्यात हात उमटलाच नाही, आणि चेहऱ्याच्या जागी फिकट धूर आहे. उरलेले चार मी पंधराऐवजी पंचवीस सेकंदांना घेतले, कारण कट्ट्यामागची भिंत पणत्यांपासून लांब होती आणि हिशोबाची तूट सगळ्यांत जास्त भोवते ती अशा अंधाऱ्या भागालाच. उजळ भाग पुरेसा उमटतो, काळोख मागे राहतो आणि चित्र भडक होतं. त्यावर उपाय म्हणजे प्रकाश जास्त द्यायचा आणि धुणं कमी करायचं. डी ७६ डेव्हलपर निम्मं पाणी घालून वापरला तर २० अंशांना ११ मिनिटं सांगितलेली असतात. मी ९ मिनिटांनी थांबवलं. वाईच्या नळाचं पाणी कार्तिकात एवढं गार असतं, की पुण्याला उन्हाळ्यात करतो तसा बर्फाच्या पिशव्यांचा खटाटोप करावा लागला नाही.

अकरावा फोटो चांगला आला. ज्योतींभोवती थोडा प्रकाश सांडलेला, कट्ट्याच्या कडा स्पष्ट, भिंतीवरचा गिलावा दिसतो. आत्याचे डोळे जरा पुसट आहेत, कारण पंचवीस सेकंदांत ती चारदोनदा तरी पापण्या मिटणारच. पण ती आहे, आणि उजेड पणत्यांचाच आहे. मी तो आतोबांच्या मापाचा, निगेटिव्हएवढाच छापला आणि भाऊबीजेच्या दुपारच्या फोटोसमोरच्या रिकाम्या पानावर लावायला घेऊन गेलो.

तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग बोटाने पणत्या मोजल्या.

"सहा?" ती म्हणाली. "तिसरी विझली होती रे. तू मोजत होतास तेव्हाच विझली. मला दिसत होतं, पण तू बोलू नकोस म्हणालास."

मी निगेटिव्ह भिंगाखाली धरून पाहिला. तिसरी ज्योत इतरांहून जरा बारीक आहे. बहुधा निम्मा वेळ जळाली असावी, आणि फिल्मला तेवढं पुरलं.